जब्याचा दगड, म्हशीचा पान्हा

गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीला एक धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, इंग्रजांनी ती बांधली. आज तिथे विमानतळ आहे आणि वैमानिक होऊ पाहणारी मुलं छोट्या विमानांतून घिरट्या घालत उडायला शिकतात. गावच्या माणसांना त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की बोलता बोलता विमान डोक्यावर आलं, की ती वाक्य तिथेच थांबवतात आणि ते गेल्यावर पुढचा शब्द जोडतात.

दिवाळी होऊन गेली होती. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत हे दिवस मंडईचे. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची; दिवसा दुकानं नि पाळणे, रात्री दंडारीचं लोकनाट्य किंवा नाटक. आदल्या रात्री पहाटेपर्यंत नाटक पाहून आलेलं, बिरसीत मी जिथे पाहुणा होतो ते घर दुपारी आळसावलेलं होतं. धान कापून झालं होतं, अंगणाच्या कडेला तणसीचा ढीग होता. घरातल्या मुलीने टीव्हीला मोबाइल जोडला आणि आम्ही ‘फँड्री’ लावला. ती गोंदियाला कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती, तिला या सिनेमावर काहीतरी लिहून द्यायचं होतं. तिचा नववीतला भाऊ, घरातली आजी, शेजारची दोन माणसं आणि मी, असे आमचे प्रेक्षक.

सिनेमा संपला. शेवटी त्यातला शाळकरी मुलगा जब्या दगड उचलतो, भिरकावतो, तो दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, “याला न्यूनगंड आहे.” आणि तिच्या मागून आजीचा आवाज आला, “पोट्ट्यानं दगड आपल्याले काऊन मारला जी?”

हे प्रकरण या दोन वाक्यांबद्दल आहे. मुलीच्या वाक्यात चूक काही नाही, पण ते बोलून झालं की पुढे पाहण्यासारखं काही उरत नाही. आजीच्या प्रश्नात मात्र सिनेमातल्या पात्रांच्या मनाचा अभ्यास कुठून सुरू करायचा, त्याची वाट आहे.

न्यूनगंड हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो कुणाचा, हे आपण विसरलो. ही कल्पना आल्फ्रेड ॲडलरची. तो व्हिएन्नाचा डॉक्टर, आधी सिग्मंड फ्रॉइडच्या वर्तुळातला, मग 1911 साली त्याच्यापासून वेगळा झालेला. दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाबद्दल असा शब्द वापरला, तर त्यामागे त्या माणसाचं अख्खं आयुष्य असतं. त्याला उलट प्रश्न विचारता येतात. तो गप्प बसतो, नाव चुकून भलतंच घेतो, स्वप्न सांगता सांगता अडतो, आणि त्या अडण्यातूनच विश्लेषकाला धागा मिळतो. जब्याला काही विचारता येत नाही. त्याचं पाचव्या वर्षी काय झालं, हे आपल्याला ठाऊक नाही, कारण ते कधी घडलेलंच नाही. तो आहे तो तेवढाच, जेवढा पडद्यावर दिसतो आणि ऐकू येतो.

मग पात्राची नेणीव असते कुठे? (नेणीव हा आपला फार जुना नि सुंदर शब्द; मनाचा जो भाग आपल्याला कळत नाही पण आपल्याला हलवतो, त्याला याहून नेमकं नाव मला सापडलेलं नाही.) ती कॅमेरा कुठे ठेवला आहे यात असते, कोणता आवाज येतो नि कोणता दाबला जातो यात असते, एका चित्रानंतर दुसरं कोणतं जोडलं आहे यात असते. 1920 च्या आसपास लेव कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला. तो एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. बघणाऱ्यांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, एकदा दुःख. चेहरा तोच होता. मन जोडणीतून तयार झालं होतं, आणि उरलेलं बघणाऱ्याने स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

मनोविश्लेषण आणि सिनेमा हे वयाने बरोबरीचे. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्याच वर्षी फ्रॉइडच्या लिखाणात ‘मनोविश्लेषण’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. स्वतः फ्रॉइडला सिनेमाचं प्रेम नव्हतं. 1925 च्या सुमारास हॉलिवूडच्या सॅम्युएल गोल्डविनने प्रेमकथांच्या पटकथेसाठी त्याला एक लाख डॉलर देऊ केले, तर त्याने गोल्डविनची भेटसुद्धा घेतली नाही. पुढच्या वर्षी जी. डब्ल्यू. पाब्स्टने ‘सीक्रेट्स ऑफ अ सोल’ हा मनोविश्लेषणावरचा सिनेमा केला. त्याला फ्रॉइडचेच शिष्य कार्ल अब्राहम आणि हान्स झाक्स यांनी सल्ला दिला, पण गुरू दूरच राहिला. आपल्या अमूर्त कल्पना चित्रांत नीट मांडता येतील, यावर त्याचा विश्वास नव्हता. मला वाटतं, त्याची भीती खरी होती, पण तिचं कारण वेगळं होतं. सिनेमा सिद्धान्त दाखवायला गेला की दोन्ही मरतात. हिचकॉकच्या ‘सायको’च्या (1960) शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून नॉर्मन बेट्सचा आजार सविस्तर समजावून सांगतो. इतक्या थरारक सिनेमातला तो सर्वांत निर्जीव प्रसंग आहे. त्याच्या आधीच आपल्याला भुसा भरलेले पक्षी दिसलेले असतात, घरातून आईचा आवाज आलेला असतो, टेकडीवरचं ते उंच घर आणि खालचं बसकं मोटेल दिसलेलं असतं. नॉर्मनचं मन त्या घरात, त्या पक्ष्यांत आणि त्या आवाजात पूर्ण मांडून झालेलं असतं. डॉक्टर त्यावर फक्त चिठ्ठी चिकटवतो.

आमच्या खोलीत ही गोष्ट एका विमानाने शिकवली.

‘फँड्री’त डुकरं पकडण्याचा लांबलचक प्रसंग आहे. गावच्या जत्रेला डुकरांचा विटाळ नको म्हणून जब्याच्या बापाला, कैकाडी समाजाच्या कचरूला, ती पकडायचं काम दिलेलं आहे. सगळं कुटुंब शाळेच्या आसपास डुकरामागे धावतंय. गाव मजा बघतंय, कुणी मोबाइलवर चित्रण करतंय. आम्ही तो प्रसंग पाहत असतानाच बाहेरून विमान आलं आणि टीव्हीचा आवाज पार बुडाला. आम्हाला दिसलं ते असं: धावती माणसं एकाएकी थिजली. हात अंगाला चिकटले, माना ताठ झाल्या. डुक्कर समोरून निघून गेलं, कुणी हललं नाही. नववीतला मुलगा फिस्सकन हसला. विमान गेलं. मी त्याला म्हटलं, जरा मागे घे. त्याने मागे घेतलं, आणि आता आवाज आला. शाळेत राष्ट्रगीत चालू होतं. यावेळी तो हसला नाही. तो चटईवर बसला होता, त्याची पाठ आपोआप सरळ झाली आणि एक गुडघा उठण्यासाठी अर्धा उचलला गेला. मग आपण घरात आहोत हे ध्यानात येऊन तो परत टेकला.

फ्रॉइडने मनातल्या पहारेकऱ्याला पराहम् म्हटलं. आईबाप, शिक्षक, समाज यांचे हुकूम आपल्या आत वस्तीला येतात, आणि मग बाहेर कुणी नसलं तरी आपण त्यांचं ऐकतो. पुस्तकात ही व्याख्या वाचून मुलीने पाठ केली होती. तिच्या भावाच्या गुडघ्यात ती तिला दिसली. पडद्यावर तर त्याहून जास्त काही घडत होतं. ज्या शाळेतून राष्ट्रगीत येतंय, त्या शाळेतली पोरंच थोड्या वेळाने या कुटुंबाला हसणार आहेत. ज्या डुकरावर आज पोटाचं काम अडलंय, ते डुक्कर निसटतंय. तरी शरीर थांबतं, कारण हुकूम फार आत गेलेला आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी यावर एक अक्षर कुणाच्या तोंडी घातलेलं नाही. आवाज आणि थिजलेली शरीरं, एवढंच. आवाज काढून घेतला की प्रसंग हसू येण्यासारखा होतो, हे आम्हाला विमानामुळे कळलं. तेव्हापासून कुणी पात्राचा अभ्यास कसा करायचा विचारलं, तर मी सांगतो की एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, मग नुसता आवाज ऐका. पात्राच्या आत काय चाललंय ते या दोन पाहण्यांच्या फरकात सापडतं.

आता जब्याच्या बापाकडे येऊ, कारण माझ्या मते या सिनेमाची गाठ तिथे आहे.

मनोविश्लेषण म्हटलं की लोकांना ईडिपस आठवतो. मुलाला आई हवी असते, बाप आड येतो, म्हणून बापाशी वैर. ही मांडणी भारतात जशीच्या तशी लागू पडते का, हा वाद जुना आहे. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली आणि फ्रॉइडला पत्रांतून कळवलं की आपले रुग्ण युरोपियन रुग्णांसारखे नाहीत. 1931 साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला या मंडळींनी त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठवली. ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. पुढे सुधीर कक्कर यांनी भारतीय बालपणात बापापेक्षा आईची पकड किती खोल असते ते दाखवलं आणि हिंदी सिनेमाकडे सगळ्या समाजाचं मिळून पाहिलेलं दिवास्वप्न म्हणून पाहिलं. ‘दीवार’सारख्या सिनेमाला ते चोख बसतं. पण जब्याच्या घरात ना बापाचा धाक मोठा आहे, ना आईची माया पडदा व्यापून आहे. जब्याचं दुखणं निराळं आहे. त्याचा बाप सगळ्यांसमोर वाकतो.

किशोर कदम यांनी कचरू साकारला आहे. त्याचं चालणं पाहा. पाठीला पोक, नजर खाली, हात कायम काहीतरी उचलण्याच्या तयारीत. गावातल्या मोठ्या माणसाशी बोलताना त्याचा आवाज बसतो, आणि तोच आवाज मुलावर चढतो. जिथून अपमान आला तिथे राग परतवता येत नाही, म्हणून तो खालच्यावर उतरतो. याला विस्थापन म्हणतात. मराठीत तर त्यासाठी म्हणच आहे: वड्याचं तेल वांग्यावर.

आणि इथे मला फ्रॉइडच्या सिद्धान्तापेक्षा त्याच्या लहानपणीची एक हकिगत जास्त उपयोगाची वाटते. ‘स्वप्नांचा अर्थ’ या ग्रंथात ती त्याने स्वतःच नोंदवली आहे. तो दहाबारा वर्षांचा असताना त्याचे वडील त्याला फिरायला नेत. काळ किती सुधारला आहे हे पटवायला त्यांनी एकदा आपल्या तरुणपणीचा प्रसंग सांगितला. शनिवारी नवी केसाळ टोपी घालून ते रस्त्याने चालले होते. समोरून एक ख्रिश्चन माणूस आला, त्याने टोपी उडवून चिखलात पाडली आणि ज्यू म्हणून हिणवत पायवाटेवरून खाली उतरायला सांगितलं. मुलाने विचारलं, मग तुम्ही काय केलंत? वडील शांतपणे म्हणाले, रस्त्यावर उतरलो आणि टोपी उचलली. त्या उत्तराने मुलगा आतून खचला. त्याने मनातल्या मनात आपल्या बापाच्या जागी हॅनिबलचा बाप ठेवला, ज्याने मुलाकडून रोमचा सूड घेण्याची शपथ वदवून घेतली होती.

मनोविश्लेषण जन्माला घालणाऱ्या माणसाच्या मनात चिखलातली टोपी उचलणारा बाप आयुष्यभर राहिला. ईडिपसच्या गोष्टीतला बाप रथातून येतो, वाट अडवतो, त्याला मारावं लागतं. फ्रॉइडचा खरा बाप वाट सोडून खाली उतरला होता. जो आधीच चिखलात उतरला आहे, त्याच्याशी मुलाने लढायचं कसं? राग तर येतो. पण तो बापावर काढला तर आपणही त्या टोपी उडवणाऱ्याच्या बाजूला जातो. जब्याची कोंडी हीच आहे. सिनेमाभर तो बापाला टाळतो, कामातून अंग काढतो, डुकरामागे धावायची वेळ आली की आडोसा शोधतो. वरवर हा आळस दिसतो, किंवा त्याला आवडणाऱ्या, वर्गातल्या शालूने बघू नये म्हणून लपणं. दोन्ही आहेच. पण त्याखाली आणखी एक आहे: बापाला वाकलेलं बघणं त्याला सोसत नाही.

पुस्तकातल्या संज्ञांइतकीच त्या लिहिणाऱ्यांची आयुष्यंही कामाला येतात. ज्यू फ्रॉइड आणि कैकाडी जब्या यांच्यात सिद्धान्ताचा पूल बांधायला गेलो तर तो कच्चा निघतो. टोपीचा पूल पक्का आहे.

जब्याच्या हातात सिनेमाच्या सुरुवातीपासून बेचकी असते. मित्र पिऱ्याबरोबर तो माळावर काळी चिमणी शोधत हिंडतो. ती जाळून तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, असं त्याला गावातल्या चंक्याने सांगितलंय. चंक्याची भूमिका मंजुळेंनीच केली आहे. हा पक्षी हाती लागत नाही. झाडावर दिसतो, नेम धरेपर्यंत उडतो. याला प्रतीक म्हणून मोकळं होणं सोपं आहे: चिमणी म्हणजे स्वातंत्र्य, चिमणी म्हणजे प्रेम. अशी भाषांतरं करत बसलं की सिनेमा शब्दकोश होतो. त्यापेक्षा चिमणीने काय काम केलंय ते बघावं. शालूशी जब्या बोलत नाही. एकाच वर्गात बसूनही मधलं अंतर चालून जाण्यासारखं नाही, हे तो जाणतो. ते अंतर जातीचं आहे, पण तसं म्हणण्याचं धाडस चौदापंधरा वर्षांच्या मनात नसतं. म्हणून ते अंतर त्याने माळावर नेलं. पक्षी हाती येत नाही, यात अपमान नाही. उद्या पुन्हा प्रयत्न करता येतो. असह्य गोष्ट सुसह्य ठिकाणी हलवण्याचं हे काम मन स्वप्नात रोज करतं. फ्रॉइडने स्वप्नाबद्दल सांगितलेलं हेच मर्म पटकथेने सबंध सिनेमाभर जिवंत ठेवलं आहे, आणि कुठेही स्वप्नाचा प्रसंग म्हणून दाखवलेलं नाही.

1975 साली लॉरा मल्व्ही या इंग्लिश अभ्यासिकेने नजरेबद्दल एक निबंध लिहिला, तो फार गाजला. तिचं म्हणणं असं की रूढ सिनेमात पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते. कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याला डोळा लावतो आणि प्रेक्षकही त्याच जागेवर बसवला जातो. बघणं म्हणजे सत्ता. ‘फँड्री’त जब्या शालूकडे बघतच असतो, वर्गात, वाटेवर, जत्रेत. पण त्याच्या बघण्यात सत्ता नाही. ती चोरी आहे. कुणाच्या ध्यानात आलं तर मार बसेल असं ते बघणं आहे. मल्व्हीचं सूत्र इथे जातीने उलटं केलं आहे, आणि असं उलटं झालेलं सापडलं की सिद्धान्त टाकून द्यायचा नसतो. तो कुठे वाकतो तेच टिपायचं असतं. इथे बघणाऱ्याची सत्ता गावाकडे आहे. डुकराच्या प्रसंगात लोक खेळ बघावा तसे बघत राहतात, त्यांत शालूही असते. जब्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, शालूने आपल्याकडे बघावं. ती बघते, तेव्हा तो डुकरामागे धावत असतो.

आणि मग हाका सुरू होतात. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. घरातला, आईबापाच्या तोंडचा साधा शब्द गावाच्या तोंडी जाऊन शिवी होतो आणि मुलाच्या अंगावर फेकला जातो. फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिक बेटावरचा कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ. 1952 सालच्या आपल्या पुस्तकात त्याने असाच एक क्षण वर्णन केला आहे: एक गोरं पोर त्याच्याकडे बोट दाखवून त्याच्या रंगाचं नाव घेतं आणि आईला बिलगतं. त्या एका हाकेने फॅननला आपलं शरीर आपल्याला परकं झाल्यासारखं वाटतं. त्याने साफ म्हटलं की अशा जखमेचं कारण घरातल्या आईबापांत शोधून भागणार नाही, ते समाजाच्या रचनेत आहे. न्यूनगंड हा शब्द मला अपुरा वाटला तो यामुळेच. गंड जब्याच्या आत आहे खरा, पण तो तिथे बाहेरून घातलेला आहे, आणि घालणारे हात कॅमेऱ्याने एकेक करून दाखवले आहेत.

पकडलेलं डुक्कर काठीला उलटं बांधून नेलं जातं तेव्हा मागे शाळेची भिंत आहे. तिच्यावर महात्मा फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. कॅमेरा थांबत नाही, बोट दाखवत नाही. माणसं चालतात, भिंत मागे सरकते. मी हा प्रसंग वर्गात दाखवतो तेव्हा पहिल्या वेळी निम्म्यांना भिंत दिसतच नाही. दुसऱ्या वेळी दिसते आणि मग ते डुकराकडे बघू शकत नाहीत. पात्राला जे कळत नाही, पण चौकटीला कळतं, ते असं मागच्या भिंतीवर असतं. बेचकीने पक्ष्यावर सुरू झालेला नेम शेवटी उघड्या हाताने माणसांवर धरला जातो. जब्याचा राग सिनेमाभर पत्ता शोधत होता. कधी तो पक्ष्याकडे जात होता, कधी बापाकडे वळून मधेच विरत होता. शेवटच्या दगडाला पत्ता सापडतो.

तो पत्ता आमच्या खोलीचा का होता, हे आजी विचारत होती. मुलीने समजावलं, “आजी, तो त्या हसणाऱ्या पोट्ट्यावर मारला, आपल्यावर नाही. कॅमेरा मधात होता.” आजीला ते पटलं नाही. ती म्हणाली, “मंग आपून बी तं पायतच होतो ना इतका येळ.”

फ्रेंच अभ्यासक क्रिस्तियाँ मेत्झने सत्तरच्या दशकात पानंच्या पानं लिहून जे मांडलं, त्याचा गाभा यात आला. त्याचं म्हणणं होतं की प्रेक्षक नायकाशी एकरूप होतो हे खरंच, पण त्याआधी तो कॅमेऱ्याशी एकरूप होतो, स्वतःच्या बघण्याशी. अंधारात बसून, न दिसता, सगळं बघणारा मी. दोन तास आपल्याला वाटत असतं की आपण जब्याच्या बाजूने आहोत. त्याच्याबरोबर लाजलो, त्याच्याबरोबर चिडलो. पण आपण बसलो होतो कुठे? जिथून गाव बघत होतं तिथेच. दगड येतो तेव्हा ही जागा उघडी पडते.

संध्याकाळी बोलणं ‘नाळ’वर गेलं. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा हा 2018 सालचा सिनेमा त्या घराने आधी पाहिलेला होता. आठेक वर्षांच्या चैत्याला कळतं की आपली आई आपली जन्मदाती नाही, आणि त्याचं सगळं जग तिरकं होतं. फ्रॉइडने 1909 साली एका छोट्या लेखात म्हटलं होतं की बरीचशी मुलं कधी ना कधी अशी कल्पना रचतात: हे आपले खरे आईबाप नाहीत, खरे कुठेतरी दुसरीकडे आहेत आणि ते फार मोठे आहेत. रागावलेल्या मुलाचा तो आसरा असतो. आपल्याकडे कर्ण आणि कृष्ण या दोन गोष्टींनी त्या कल्पनेला कायमचं घर दिलं आहे. चैत्याच्या बाबतीत मात्र कल्पना खरीच निघते, आणि मग ती आसरा राहत नाही. मी हे बोलत होतो, पण आजीला त्या सिनेमातलं दुसरंच काही आठवत होतं. त्यात म्हशीचं पारडू मरतं, आणि तिने दूध द्यावं म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवतात.

“आमच्या घरी बी केलं होतं,” आजी म्हणाली. तिचं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. सासऱ्याने कातडं वाळवलं, त्यात धानाची तणस भरली, सुतळीने शिवलं. पाय नीट उभे राहत नव्हते म्हणून ते खुंटीला टेकवून ठेवलं. म्हैस आली, तिने हुंगलं, आणि चाटायला लागली. पान्हा सुटला.

जनावराच्या शरीरात पान्हा हुकमाने सुटत नाही. वासराचा स्पर्श, वास, त्याचं दिसणं यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं आणि मग दूध उतरतं. मुलीला हे ठाऊक होतं, ती आजीला सांगू लागली. म्हशीला फसवलं जातं, असंही म्हणाली. मला त्याच वेळी ऑक्ताव्ह मान्नोनी आठवला. या फ्रेंच विश्लेषकाने 1964 साली एका निबंधात मनाच्या एका चमत्कारिक रीतीबद्दल लिहिलं: मला ठाऊक आहे की हे खरं नाही, आणि तरीसुद्धा. नंतर मेत्झने ही रीत सिनेमाच्या प्रेक्षकाला लावली. समोर कापड आहे, उजेड आहे, नट आहेत, हे आपल्याला पुरतं माहीत असतं. डोळ्यांना पाणी मात्र खरं येतं.

मी हे कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर आजीने नातीला उत्तर दिलं होतं.

“फसत नाही जी. म्हशीले नाही समजत काय? तणसीचा वास येते ना तिले, तेच तं खाते ते रोज.” आजीने हाताने पारड्याच्या पाठीवरून जीभ फिरते तशी खूण केली, वरून खाली, दोनतीनदा. “समजते तिले. चाटते तरी बी.”

बाहेर अंधार पडला होता. शेजारच्या गावच्या मंडईतून नाटकाच्या भोंग्याचा आवाज यायला लागला, आणि आजी शाल शोधायला आत गेली.